माठ पाझरायचा थांबला तेव्हा

आमच्या घरी लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. पोट पांढुरकं, खांद्यापासून वर तपकिरी, तोंडाला दादरा बांधलेला. चिनी मातीच्या बरण्या असंच सगळे म्हणायचे. माती चीनची नव्हती, बरण्या भारतातच घडल्या होत्या, तरी त्या शब्दाचं कुणाला काही वाटत नसे. कपबशी चिनी मातीची, बरणी चिनी मातीची. एका दूरच्या देशाचं नाव आपल्या फळीवर येऊन बसलं आणि घरचंच होऊन गेलं.

लोणचं आणि अशी बरणी ही जोडी फार जुनी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चीनच्या वाटेवर होता. तिथं एका राजकन्येनं त्याला तांदूळ, म्हशी, मेंढ्या यांच्याबरोबर चार ‘मर्तबान’ भेट दिले. आत मिरी, लिंबं आणि आंबे होते, समुद्रप्रवासात टिकावेत म्हणून मीठ घालून मुरवलेले. मर्तबान हे आजच्या म्यानमारमधल्या एका बंदराचं नाव. मोठ्या, जाड, चकचकीत बरण्या तिथून जहाजांवर चढायच्या, म्हणून बरणीलाच बंदराचं नाव पडलं. हिंदीत लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात.

आज कलादालनात एखादा चिनी मातीचा घट काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. शेजारच्या पाटीवर ‘जपानी प्रभाव’ किंवा ‘आफ्रिकी परंपरेचा वारसा’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. वाचून आपण मान हलवतो, पण प्रभाव म्हणजे नेमकं काय आलं, हे कळत नाही. नक्षी आली? आकार आला? माझं मत असं, की नक्षी आणि आकार डोळ्यांना लगेच दिसतात म्हणून आपण त्यांच्याबद्दलच बोलतो. सगळ्यात मोठा प्रवास मात्र आचेचा असतो. भांडं किती तापवलं, कशावर तापवलं, हवा मोकळी सोडली की कोंडली, यावर ते भांडं कशासाठी आहे हेच बदलून जातं. म्हणून आधी आचेबद्दल.

गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यावर त्यांनी थापटणं मारून पाहिलं आणि नामदेव कच्चे निघाले. कुंभार मडक्याची परीक्षा अशीच आवाजावरून करतो. कच्चं मडकं बद वाजतं, भाजलेलं टणक वाजतं. मात्र पक्केपणालाही पायऱ्या आहेत. आपल्याकडच्या आव्यात, लाकूड, पालापाचोळा आणि गोवऱ्यांच्या आचेत, माती साधारण 700 ते 900 अंश सेल्सियसपर्यंत तापते. तेवढ्यानं ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, पण तिच्यात बारीक छिद्रं राहतात. माठ पाझरतो तो यामुळे. पाझरलेलं पाणी बाहेर सुकताना आतली उष्णता ओढून नेतं, म्हणून आतलं पाणी गार. माठाचं सच्छिद्र असणं हाच त्याचा गुण.

तीच आच 1200 ते 1300 अंशांपर्यंत नेली, आणि माती ती सोसणारी असली, तर मातीतले काही घटक वितळून ही छिद्रं बुजवतात. भांडं दगडासारखं होतं. याला स्टोनवेअर म्हणतात आणि आपली बरणी याच जातीची. लोणच्याचं तेल आणि खार तिच्यातून बाहेर येत नाही. त्याच्याही पुढची पायरी पोर्सेलिनची. त्यासाठी केओलिन ही शुभ्र माती लागते. चीनमधल्या जिंगदेझेन शहराजवळच्या गाओलिंग टेकडीवरून तिला हे नाव मिळालं. पोर्सेलिन पातळ घडवलं तर उजेडाला धरल्यावर पलीकडचं बोट सावलीसारखं दिसतं.

वरचा चकचकीत थर म्हणजे ग्लेझ, म्हणजे भांड्याच्या अंगावरच वितळवलेली काच. हवेचा खेळही महत्त्वाचा. लाल मातीत लोह असतं. भट्टीत हवा भरपूर खेळली तर ते गंजासारखं तांबडं होतं. हवा कोंडली तर आग मातीतल्या लोहाकडचाच ऑक्सिजन ओढून घेते आणि रंग काळ्या-करड्याकडे झुकतो. ग्लेझमध्ये लोहाचा अगदी थोडा अंश असेल, तर त्याच कोंडलेल्या आगीत जेड या हिरव्या रत्नासारखी छटा उतरते. चिनी आणि कोरियन कुंभारांनी त्या छटेसाठी शतकं घालवली. आज तिला सेलाडॉन म्हणतात.

आता निळ्या रंगाकडे येऊ. पांढऱ्यावर निळी नक्षी म्हटलं की चीन डोळ्यांपुढे येतो. पण ही जोडी जुळायला इराक आणि इराणची मदत लागली.

नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी चीनहून आलेली पांढरी भांडी पाहिली. त्यांच्याकडे तशी माती नव्हती आणि तेवढी आचही नव्हती. त्यांनी ग्लेझमध्ये कथील मिसळलं. ज्या कथलाची आपण पितळी भांड्यांना कल्हई लावत आलो, तेच हे. कथलानं काच दुधासारखी अपारदर्शक झाली आणि खालची पिवळट माती झाकली गेली. त्या पांढऱ्यावर त्यांनी कोबाल्ट या खनिज द्रव्यानं निळं रंगवलं. शाईचा टिपूस ओल्या कापडावर उतरावा तसा तो रंग कडेनं किंचित पसरलेला असायचा. म्हणजे चीनची नक्कल करायला निघालेल्या माणसांच्या हातून चीनकडे नसलेली गोष्ट घडली. माझ्या मते सिरॅमिकच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या वस्तूंच्या, इतिहासातलं हे सगळ्यात सुंदर अपयश आहे. कथलाचा हाच उपाय पुढे स्पेन, इटली करत हॉलंडच्या डेल्फ्टपर्यंत पोचला.

त्याच शतकातलं एक बुडालेलं जहाज 1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडलं. बांधणी अरबी, फळ्या दोरानं शिवलेल्या, आणि पोटात सुमारे 60,000 चिनी भांडी. एका वाडग्यावर कोरलेली तारीख इसवी सन 826 ची निघते. एवढ्या ढिगात निळ्या-पांढऱ्या चिनी थाळ्या होत्या फक्त 3, आणि त्यांवरची नक्षी पश्चिम आशियाच्या आवडीची. गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होतं आणि कुंभाराला ते माहीत होतं.

यानंतर जवळपास पाच शतकं चीनमध्ये ही जोडी फारशी फुलली नाही. मग मंगोल राजवटीत, चौदाव्या शतकात, इराणकडचा कोबाल्ट जिंगदेझेनला पोचू लागला. तिथल्या शुभ्र पोर्सेलिनवर तो असा खुलला की पुढे जगानं तेच रूप ‘चिनी’ म्हणून ओळखलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये 1351 सालचा लेख असलेली दोन उंच पात्रं आहेत. त्यांच्या कानांना हत्तीच्या डोक्यांचा आकार आहे. रंगाचं द्रव्य एका देशाचं, माती दुसऱ्या देशाची, आकार मात्र धातूच्या भांड्यांचा.

युरोपचा भाग मी लवकर आटोपतो. 1644 मध्ये मिंग राजवट पडली, चीनकडून माल येणं विस्कळीत झालं, आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी कथलाच्या ग्लेझवर निळी नक्षी काढून ती उणीव भरून काढली. खरं पोर्सेलिन युरोपला 1708 च्या सुमारास आजच्या जर्मनीतल्या सॅक्सनीत जमलं आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. त्याच सॅक्सनीच्या राज्यकर्त्यानं 1717 मध्ये आपले 600 घोडेस्वार शेजारच्या प्रशियाला देऊन 151 चिनी भांडी घेतली. भांड्यांचा सोस म्हणजे काय, ते या आकड्यांत कळतं. त्या 600 माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

हा सगळा प्रवास आजचे कलावंत जाणून-बुजून वापरतात. चिनी कलावंत आय वेवे यांनी 2017 मध्ये पोर्सेलिनच्या निळ्या-पांढऱ्या थाळ्या करवून घेतल्या. दुरून पाहिल्या तर जुन्या वाटतात. जवळ गेलं की वेलबुट्टीच्या जागी युद्ध, उद्ध्वस्त घरं, समुद्र ओलांडणारे लोक आणि निर्वासितांच्या छावण्या दिसतात. जी नक्षी स्वतःच देशोदेशी भटकली, तिच्यातच त्यांनी घर सुटलेल्या माणसांची गोष्ट सांगितली. ती पोचते, कारण आपल्या डोळ्यांना ही नक्षी ओळखीची आहे.

मुंबईनंही असा एक प्रयोग केला होता. 1870 च्या दशकात सर ज. जी. कला विद्यालयात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली ग्लेझ दिलेली भांडी होऊ लागली. ग्लेझच्या कामासाठी सिंधमधले कुंभार आणले होते. 1872 पासून याच विद्यालयातले विद्यार्थी आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रती करत होते, आणि ती अजिंठ्याची चित्रं सिंधी ग्लेझखाली, मातीच्या घटांवर उतरली. ही भांडी परदेशांतल्या प्रदर्शनांत गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांतली काही आहेत. आपल्याकडे या कामाची आठवण फारच कमी राहिली, याची मला हळहळ वाटते.

‘प्रभाव’ हा शब्द ऐकायला मऊ आहे. कोरिया आणि जपानच्या बाबतीत त्यामागे तलवार होती. सोळाव्या शतकात जपानच्या चहा-समारंभात कोरियाचे साधे, रोजच्या वापरातले वाटणारे वाडगे फार मोलाचे ठरले. थोडे वाकडे, ग्लेझ ओघळलेलं, बुडाशी कुंभाराच्या बोटांचे ठसे. 1592 ते 1598 या काळात जपाननं कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी कोरियन कुंभार कुटुंबांसह उचलून नेले. त्यांतल्याच यी साम-प्योंग यांना 1616 च्या सुमारास आरिता इथं पोर्सेलिनसाठी लागणारी माती सापडली, असं मानलं जातं. जपानचं पोर्सेलिन तिथून सुरू झालं. यी यांचं नाव तरी उरलं, बाकीच्या बहुतेकांचं तेही नाही.

विसाव्या शतकात याच साध्या वाडग्यांचं कौतुक जपानचे विचारवंत यानागी सोएत्सु यांनी नव्यानं केलं. निनावी कारागिराच्या हातात जे सौंदर्य असतं ते सहीवाल्या कलावंताला सहज साधत नाही, हा त्यांचा विचार. त्यांचे मित्र होते इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, जन्म हाँगकाँगचा, कुंभारकाम शिकले जपानात. 1920 मध्ये लीच आणि जपानी कुंभार हामादा शोजी इंग्लंडच्या सेंट आइव्हजला गेले आणि डोंगरउतारावर चढत जाणारी जपानी धाटणीची भट्टी त्यांनी तिथं बांधली. आज ज्याला स्टुडिओ पॉटरी म्हणतात, म्हणजे कलावंतानं स्वतःच्या हातानं घडवलेली भांडी, त्याचा एक मोठा झरा हा. त्याची एक धार भारतातही आली. सरदार गुरचरण सिंग 1919 मध्ये जपानला गेले, या मंडळींना भेटले, आणि दिल्लीतल्या पठाण कुंभारांच्या निळ्या ग्लेझची त्यांनी या नव्या दृष्टीशी सांगड घातली. 1971 मध्ये पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आजच्या कितीतरी भारतीय सिरॅमिक कलावंतांचं शिक्षण तिथं झालं.

आता मी ज्या घटासाठी हे लिहायला बसले, त्याकडे येते.

लीच यांचे शिष्य मायकेल कार्ड्यू 1942 मध्ये आफ्रिकेत गेले. नायजेरिया तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. 1950 च्या सुमारास तिथल्या अबुजाच्या अमीराच्या घरी त्यांनी पाण्याचे मोठे घट पाहिले. (ते अबुजा म्हणजे आजचं सुलेजा. नाव पुढे नव्या राजधानीला देण्यात आलं.) घट घडवले होते क्वाली गावच्या लादी क्वाली यांनी. ग्वारी समाजात हे काम बायकांचं. चाक नाही. मातीचा गोळा जागेवर ठेवायचा आणि बाईनं त्याच्याभोवती फिरायचं, उलट पावली, वाकून, भिंत वर ओढत, मातीच्या वळ्या लावत. आपल्याकडे चाक फिरतं आणि कुंभार बसतो, तिथं घट बसतो आणि कुंभारीण फिरते. वर सरडे, विंचू, साप कोरायचे. मग गवत आणि काटक्यांच्या उघड्या आगीत भाजायचं.

कार्ड्यू यांनी अबुजात प्रशिक्षण केंद्र काढलं आणि 1954 मध्ये लादी क्वाली तिथं आल्या. केंद्रातल्या त्या पहिल्या स्त्री. त्या चाकावरही शिकल्या, पण आपली जुनी रीत त्यांनी सोडली नाही. तोच आकार, तेच सरडे. बदलली ती माती आणि आच. आता घट स्टोनवेअरच्या मातीचा होता, रेघांत पांढरी माती भरलेली होती, वर चीनच्या जुन्या सेलाडॉनच्या वळणाचं ग्लेझ होतं, आणि तो 1300 अंशांच्या आसपास भाजला जात होता. सोंग राजवटीतला चीन, जपानी गुरूंचा इंग्रज शिष्य, त्या शिष्याचा शिष्य, आणि ग्वारी बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल, हे सगळं एका घटात उतरलं. देखणे घट आहेत ते. नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर लादी क्वाली आपल्या घटासह छापलेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र पाटीवर क्वचितच लिहिलेली असते. तो घट आता पाझरत नव्हता.

क्वालीच्या घरातला घट आपल्या माठासारखाच काम करायचा. पाणी झिरपे, वारा लागे, पाणी गार होई. चिनी ग्लेझ आणि 1300 अंशांच्या आचेनं ही छिद्रं बुजली. आकार पाण्याच्या घटाचा राहिला, काम संपलं. घेणारेही बदलले. गावातल्या बायकांना पाणी भरायला जुनाच घट लागत होता. हे नवे घट इंग्रज अधिकारी, शहरातली मोठी घरं आणि संग्रहालयं घेऊ लागली. हे बरं झालं की वाईट, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. लादी क्वाली यांना नाव मिळालं, जग पाहता आलं, त्यांचे घट टिकले. उघड्या आगीतले कितीतरी फुटून गेले असते. पण ‘परंपरेला आधुनिक रूप दिलं’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, पाणी गार होतं का अजून?

1974-75 मध्ये याच केंद्रात एक तरुण मुलगी शिकायला आली. मॅग्डलीन ओडुंडो. जन्म नैरोबीचा, 1950 चा. सुरुवातीचं शिक्षण काही भारतात, काही केनियात. 1971 मध्ये ग्राफिक कला शिकायला इंग्लंड. चाकाशिवाय घट उभा करणं त्या अबुजाच्या बायकांकडून शिकल्या. पुढे त्या अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सान इल्देफोन्सो या मूळनिवासी गावीही गेल्या. तिथं मरिया मार्टिनेझ यांची काळी भांडी प्रसिद्ध होती. ती भांडी दगडानं घासून आरशासारखी करतात आणि भाजताना आग शेणखताच्या भुकटीनं दाबून टाकतात. हवा कोंडते, धूर मुरतो, आणि ग्लेझचा एक थेंबही न लावता भांडं काळंभोर, चमकदार होतं.

इथं एक सावधगिरी सांगायला हवी. आमच्या विदर्भात, नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी, महापाषाण काळातल्या शिळावर्तुळांखाली काळी-तांबडी भांडी सापडतात. एकाच भांड्याचा काही भाग काळा, काही तांबडा. तत्त्व तेच, हवा कुठं कोंडली आणि कुठं मोकळी राहिली. म्हणून विदर्भ आणि न्यू मेक्सिकोचा संबंध जोडायचा नसतो. लोह, धूर आणि हवा जगभर सारखीच वागतात, आणि आगीपाशी बसलेल्या माणसांना ते आपापलं कळतं. साम्य दिसलं की लगेच प्रभाव म्हणू नये. वाट दाखवता आली पाहिजे: कोण कुठल्या साली कुठं गेलं, कुठल्या जहाजात काय सापडलं, रंगाचं द्रव्य कुठल्या खाणीचं. ओडुंडो यांच्या बाबतीत अशी वाट आहे, त्या स्वतः तिथं गेल्या होत्या.

त्यांचे घट पाहिले की आधी माणसाचं शरीर आठवतं. गोल पोट, लांब मान, एका बाजूला कललेलं रुंद तोंड. काहींवर मणक्यासारखे बारीक उंचवटे. काँगोच्या मांगबेतू बायकांची मागे उंच बांधलेली केशरचना त्यात दिसते, ग्रीसच्या बेटांवरच्या जुन्या मूर्ती दिसतात, सोळाव्या शतकातल्या इंग्रज पोशाखाची चुणीदार कॉलरही. 2019 मध्ये इंग्लंडच्या हेपवर्थ वेकफिल्ड संग्रहालयात त्यांचे घट अशा देशोदेशींच्या वस्तूंच्या शेजारी मांडले होते. आपण काय-काय पाहिलं ते त्यांनी झाकलं नाही. माती लाल. घट सुकत आला की वर बारीक मातीचं पाणी द्यायचं आणि घासत राहायचं. हवा मोकळी ठेवून भाजला की तो शेंदरी-तांबडा निघतो. पुन्हा हवा कोंडून भाजला की काळा, कधी काळ्यात तांबडी झाक ठेवून.

आणि ग्लेझ नाही. अबुजात शिकूनही त्यांनी त्या केंद्राची आच घेतली नाही, तिथल्या बायकांचे हात घेतले. भाजणी पुन्हा खाली आली, लाल मातीला सोसेल एवढी. संग्रहालयातल्या त्या घटांत कुणी पाणी भरत नाही आणि भरणारही नाही. पण घासून कितीही चकाकी आणली तरी छिद्रं पुरती बुजत नाहीत. कुणी खरंच पाणी भरलं, तर काही वेळानं त्या काळ्या, गुळगुळीत पोटावर बाहेरून ओल येईल.